टाळूवरच्या खपल्या काढल्या की परत येतात? मग हे एकेक तपासून बघा

तुमचं बाळ सहा महिन्यांचं, आठ महिन्यांचं नाहीतर चांगलं दीड-दोन वर्षांचं झालंय आणि टाळूवरची ती पिवळट मेणचट खपली काही केल्या जात नाहीये. म्हणजे जाते, तेल लावून चोळलं की निघते, दोन-चार दिवस डोकं स्वच्छ दिसतं आणि मग परत जैसे थे. याला क्रेडल कॅप म्हणतात. पहिल्यांदा होते तेव्हाचं सगळं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, काळजी करू नका आपोआप जाईल वगैरे, आणि ते खरंही आहे, पण परत परत येणाऱ्या खपलीचं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, दोन पोरांची आई आहे, धाकटीचं हे प्रकरण भुवया आणि कानामागपर्यंत पोचलं होतं आणि वर्षाचा वाढदिवस झाला तरी रेंगाळत होतं, त्यामुळे बालरोगवाले आणि स्किनवाले दोघांचंही डोकं खाऊन झालंय.

हे मुळात होतं कशामुळे

हे समजलं की पुढचं अर्धं आपोआप कळतं. आईच्या पोटात असताना आईचे हार्मोन्स बाळात जातात आणि जन्मानंतरही काही महिने त्यांचा असर राहतो, त्यामुळे बाळाच्या डोक्याच्या तेलग्रंथी जोरात चालू असतात. त्यात मालासेझिया नावाची एक यीस्ट, म्हणजे डोळ्याला न दिसणारी बारीक बुरशी असते, ती तुमच्या माझ्या सगळ्यांच्या डोक्यावर असते, मोठ्यांच्या कोंड्यामागे पण हीच बाई. तिला लागणारी फॅटी ॲसिड्स तिला स्वतःला बनवता येत नाहीत म्हणून ती त्वचेवरचं तेल फोडून खाते, आणि त्यातून जे उरतं ते काही बाळांच्या त्वचेला चुरचुरतं. मग त्वचा नेहमीपेक्षा भराभर पेशी टाकायला लागते, त्या पेशी झडून जाण्याऐवजी तेलात चिकटतात, त्यावर अजून एक थर, अजून एक थर, आणि झाली खपली.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कधीही सुरू होतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात शाळेआधीच्या वयाच्या मुलांची पाहणी झाली होती, 2003 साली छापून आली, त्यात पहिल्या तीन महिन्यांच्या बाळांत हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास निघालं, बहुतेकांना अगदी सौम्य, आणि एक-दोन वर्षांच्या मुलांत ते 7 टक्क्यांवर आलेलं. म्हणजे ज्याचं एका वर्षानंतरही चालू आहे ते मूल काही जगावेगळं नाही.

आणि हो, हे अस्वच्छतेमुळे होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि बाळंतिणीने वांगं खाल्लं, आंबट खाल्लं, दूध "गरम" झालं म्हणून तर अजिबात होत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण बाळाच्या डोक्यावर काही दिसलं की पहिली उलटतपासणी आईच्या ताटाची होते. निवांत जेवा.

"रोज तेल लावतोय तरी जात नाही"

बहुतेक घरांतलं उत्तर या प्रश्नातच आहे. आपल्याकडे टाळू भरायची पद्धत आहे, आंघोळीआधी मालिशवाल्या मावशी आणि आंघोळ झाल्यावर परत आजी, टाळूवर तेलाची वाटी जवळजवळ उपडी करतात, कधी कापूस भिजवून वर ठेवतात आणि त्यावर टोपडं बांधतात. तेल जिरलं की टाळू भरते अशी समजूत. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली फट, ती हाडं वाढली की साधारण दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते, वर तेल ओतलं तरी आणि नाही ओतलं तरी. पण तेवढ्या वेळात यीस्टला आपण दोन वेळचं जेवण घालत असतो, वर टोपड्याची ऊब आणि घाम. म्हणून नीट बघा, खपली सगळ्यात जाड नेमकी टाळूवरच असते की नाही, जिथे तेल सगळ्यात जास्त आणि हात लावायची भीतीही सगळ्यात जास्त.

त्या भीतीचंही सांगते. टाळूची जागा मऊ लागते, ठोके जाणवतात, म्हणून तिथे घासायला जीव धजत नाही आणि बाकीचं डोकं धुतलं जातं, टाळू राहते. त्याखाली जाड पडदा असतो, बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने चोळलं, शाम्पू लावला, मऊ ब्रश फिरवला तर काहीही होत नाही, फक्त दाबायचं नाही आणि नख लावायचं नाही.

आता याचा अर्थ तेल बंद करा असा नाही. खपली मऊ करायला तेल लागतंच. पण ते औषधासारखं वापरायचं: लावायचं, मऊ होऊ द्यायचं आणि त्याच आंघोळीत सगळं काढून टाकायचं. आंघोळीनंतर परत तेल नाही. ही एक गोष्ट बदलली तरी पुष्कळ जणींचं काम इथेच होईल, पुढचं वाचायची गरज नाही.

सासूबाईंना हे कसं सांगायचं हा मात्र खरा प्रश्न आहे. आमच्याकडे डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेतलं. "आई, मालिश अंगाची करा, भरपूर करा, डोक्याला फक्त आंघोळीआधी अर्धा तास" असं त्यांनी म्हटल्यावर विषय संपला, मी म्हणत होते तेव्हा ती माझी फॅशन होती.

"कोणतं तेल?"

सगळ्यात बिनधोक म्हणजे साधं मिनरल ऑइल, ज्याला आपण बेबी ऑइल म्हणतो, किंवा पेट्रोलियम जेली. हे त्या यीस्टला पचत नाही, म्हणून थोडं राहिलं तरी ती त्यावर पोसली जात नाही. गंमत म्हणजे हेच तेल लोक "केमिकल" म्हणून टाळतात. वास नसलेलं मिळालं तर उत्तम.

खोबरेल चालतं, खपली छान मऊ होते, फक्त धुवायला विसरायचं नाही. ऑलिव्ह ऑइल नको, महाग असलं तरी नको, त्यात ओलेइक ॲसिड खूप असतं, ते यीस्टला आवडतं आणि त्वचेचा वरचा संरक्षक थर ढिला करतं. मोहरीचं तेल तर नकोच, लहान बाळांच्या त्वचेला ते चुरचुरतं. शेंगदाण्याचं तेल स्वयंपाकाला ठेवा, फुटलेल्या त्वचेवर शेंगदाणा लावून ॲलर्जीला आमंत्रण कशाला.

आणि खोबरेलात कापूर घालून लावायचा जो कोंड्याचा घरगुती उपाय आहे तो बाळाला चुकूनही नाही. कापूर लहान मुलांना विषारी आहे, तोंडात गेला तर थोडासाही पुरतो, झटके येतात, आणि त्वचेतूनही तो अंगात जातो. घरात कोणी मोठं माणूस ते तेल वापरत असेल तर ती बाटली बाळाच्या तेलाच्या शेजारी ठेवू नका. बोरिक पावडर, टी ट्री ऑइल, लिंबाचा रस हेही त्याच यादीत. लिंबू तर खरवडलेल्या त्वचेवर लावून बघा, स्वतःच्या, मग बाळाला लावायची इच्छा होणार नाही.

काढायची पद्धत, जरा सविस्तर

आंघोळीच्या अर्धा तास आधी खपलीवर तेल लावायचं, डोकंभर नाही, जिथे खपली आहे तिथेच, आणि बोटाने हलकं फिरवून खपलीच्या कडेखाली जाईल असं. जाड थर असेल तर आदल्या दुपारीच लावून ठेवलं तरी चालतं, पण ते एखाद्या वेळी, रोजचा नेम म्हणून नाही.

अर्ध्या तासाने बघितलं की खपलीच्या कडा उचललेल्या दिसतात, आधी पिवळी चिवट असते ती पांढरट आणि ओलसर होते. आता बाळाचा मऊ ब्रश किंवा अगदी नवा मऊ टूथब्रश घेऊन छोटे छोटे गोल फिरवायचे. जे सुटेल ते सुटेल. त्यानंतर बारीक दातांची फणी जवळजवळ आडवी धरून सुटलेला पापुद्रा केसांतून वर वर सरकवत बाहेर काढायचा. इथे लक्ष द्या, पापुद्र्यातून केस आरपार गेलेले असतात, त्यामुळे सरळ ओढलं की केसासकट निघतं आणि बाळ किंचाळतं, केसाच्या टोकाकडे सरकवलं की नुसता पापुद्रा येतो. तरी काही केस येतातच, घाबरू नका, मूळ शाबूत असतं, परत उगवतात.

जे चिकटलेलं आहे ते आज तसंच राहू द्या. एका दिवसात डोकं लखलखीत करायच्या नादात नखाने खरवडलं की खालची त्वचा लाल ओली होते, तिथून लस येते, जंतू शिरतात, आणि मग साध्या खपलीचे खवडे होतात. ते प्रकरण वेगळं आणि वाईट. चार-पाच आंघोळींत मिळून निघाली तरी चालेल ना, कुठे गाडी पकडायची आहे.

मग शाम्पू. तेलकट डोक्यावर आधी पाणी ओतू नका, थोडा बेबी शाम्पू थेट तेलावरच लावा, ओल्या हाताने चोळा, तेल फुटून पांढरं होतं, मग पाणी. धुवा आणि दुसऱ्यांदा शाम्पू लावा, या वेळी फेस येईल, तो मिनिट-दोन मिनिटं राहू द्या आणि भरपूर कोमट पाण्याने धुवा. डोकं मागे कलतं धरून कपाळावर ओला पंचा घडी करून ठेवला की डोळ्यात जात नाही. शेवटी हात फिरवून बघा, बोटाला ओशट लागलं तर तेल आहे अजून.

खपली असेपर्यंत शाम्पू रोज किंवा एक दिवसाआड. गेल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा.

"शाम्पू करतो तरी डोकं ओशटच"

याची दोन कारणं. एक म्हणजे डाळीचं पीठ. मसुराचं असो हरभऱ्याचं असो, अंगाला लावायचं तर लावा, पण डोक्याला नको, ते खपलीच्या कडांखाली जाऊन बसतं, वाळतं आणि पुढच्या तेलाबरोबर त्याचा लगदा होतो. जी खपली तुम्ही काढताय त्यात निम्मं पीठच असतं कधीकधी. शिकेकाई आणि रिठ्याने तेल निघतं हे मान्य पण डोळ्यात गेलं तर बाळ पुढचे आठ दिवस आंघोळीचं नाव काढू देत नाही.

दुसरं म्हणजे पाणी. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल आणि तुम्ही बाळाची साबणवडी डोक्याला लावत असाल तर साबणाचा आणि पाण्यातल्या क्षारांचा मिळून एक चिकट साका होतो, बादलीच्या कडेला बसतो ना तोच, तो केसांतही बसतो. बेबी शाम्पू हा साबण नसतो, जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. म्हणून साबणवडीऐवजी शाम्पू, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले तर अजून बरं.

"डोकं साफ झालं आणि महिन्याभरात परत"

इथे अपेक्षा जरा बदलावी लागेल. ती यीस्ट डोक्यावरून कायमची घालवता येत नाही, घालवायचीही नसते, ती तिथलीच रहिवासी आहे. बाळाच्या तेलग्रंथी शांत होईपर्यंत तिला लगाम घालून ठेवायचा एवढंच आपलं काम. म्हणजे खपली दिसेना झाली म्हणून शाम्पू परत आठवड्यातून एकदा आणि तेल परत रोज, असं केलं तर ती येणारच. वर सांगितलेला आठवड्यातून दोन-तीनदा शाम्पू वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालू ठेवायचा.

टोपडं पण बघा. थंडीत, बाहेर नेताना, ठीक आहे. पण घरात, मुंबईच्या दमट हवेत, पंख्याचा वारा लागेल म्हणून चोवीस तास टोपडं किंवा कुंची म्हणजे आत घाम, तेल आणि ऊब. काढून ठेवा. आणि उशीची खोळ, कुंची, टोपडी गरम पाण्यात धुवा, जुन्या तेलाचा तो खवट वास येत असेल तर समजायचं की डोकं धुतलं तरी तेल परत तिथूनच लागतंय.

जावळ काढलं की जातं असं सगळेच सांगतात. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं ते हौसेने काढा, पण खपलीवर उपाय म्हणून नको. ग्रंथी त्वचेत आहेत, यीस्ट त्वचेवर आहे, केस गेले म्हणून त्यातलं काही जात नाही. फायदा एकच, तेल आणि शाम्पू नीट लावता येतं. तोटा असा की खपलीवरून वस्तरा फिरला की कापतं. म्हणून आधी खपली काढा, त्वचा शांत होऊ द्या, मग जावळ, आणि नाभिकाला नवीन ब्लेड लावायला सांगा, लाजू नका.

भुवया, कानामागे, मानेच्या वळ्या

क्रेडल कॅप म्हणजे फक्त डोकं असं नाही. भुवया, पापण्यांची कड, कानामागची फट, मानेच्या वळ्या, काखा, लंगोटाची जागा, जिथे तेलग्रंथी किंवा घडी तिथे येऊ शकतं. घड्यांमध्ये ते कोरडं खपलीसारखं न दिसता ओलसर चकचकीत लालसर दिसतं. भुवयांवर कापसाने किंचित तेल, मग ओल्या मऊ फडक्याने पुसणं, बस. डोळ्याजवळ शाम्पू-बिम्पू घासायचा नाही. कानामागे रोज पुसून कोरडं ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, दूध ओघळून तिथेच जातं.

आता एक गोष्ट जी गोऱ्या बाळांच्या फोटोंवरून कळतच नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर ही जागा लाल दिसेलच असं नाही, कधी गडद दिसते, आणि खपली गेल्यावर भुवया, कपाळ, कानाच्या आसपास पांढुरके फिकट डाग राहतात. ते दिसले की घरात एकदम शांतता पसरते, सगळ्यांच्या मनात कोड, बोलत कोणी नाही. ते कोड नाही. त्वचेला सूज आली होती तिथे रंग तात्पुरता कमी झालाय, काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, आपोआप भरतो. पांढरे डाग घालवायचं कुठलंही क्रीम लावायचं नाही. अगदी खडूसारखा पांढराशुभ्र ठळक कडेचा डाग असेल तर दाखवून घ्या, पण फिकट पांढुरका असेल तर वाट बघा.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब

यावर मला जरा जास्तच बोलायचंय. मेडिकलवाल्याला फोटो दाखवला की तो हमखास एक ट्यूब काढून देतो ज्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि एक तगडं स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. लावल्यावर दोन दिवसांत जादूसारखं साफ होतं, म्हणून आपण खूश, थांबवलं की दुप्पट येतं, परत लावतो, आणि असं महिनोन् महिने. बाळाची त्वचा पातळ, डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्यामुळे औषध आत जास्त जातं. त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात. त्वचेला लावायची स्टेरॉइड्स भारतात 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पाळला किती जातो ते आपण सगळे बघतोच. तर ट्यूबवरची नावं वाचा, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने नाही.

म्हणजे स्टेरॉइड वाईटच असंही नाही. खूप सूज असेल तर डॉक्टर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सगळ्यात सौम्य, थोड्या दिवसांसाठी देतात आणि ते बरोबर असतं. फरक कोणतं, किती आणि किती दिवस याचा.

महिना-दीड महिना वरचं सगळं मनापासून करूनही फरक नसेल तर डॉक्टर सहसा बुरशीविरोधी शाम्पू देतात, 2 टक्के कीटोकोनाझोल, आठवड्यातून दोनदा, लावून काही मिनिटं ठेवून धुवायचा, काही आठवडे. आमच्या धाकटीला याचाच गुण आला. हा शाम्पू लावायच्या दिवशी आधी तेल लावून खपली मऊ करून काढली पाहिजे नाहीतर तो वरच्यावर फिरतो आणि खाली पोचतच नाही, हे मला दुसऱ्या व्हिजिटला कळलं, चिठ्ठीवर एवढं कोण लिहितं.

मोठ्यांचा अँटीडँड्रफ शाम्पू थोडासा लावला तर काय होतं? डोळे झोंबतात, आणि त्यात सॅलिसिलिक ॲसिड असेल तर ते बाळाच्या त्वचेतून रक्तात जाऊ शकतं. म्हणून नको.

वर्ष-दीड वर्ष झालं तरी आहे, किंवा गेलेलं परत आलंय

इथे "क्रेडल कॅपच असेल" हे गृहीत धरणं बंद करायचं. काही जणांचं खरंच लांबतं, पण या वयात दुसरं काही त्याच वेशात येतं.

खाज हा पहिला प्रश्न. क्रेडल कॅपने बाळाला फारसा त्रास होत नाही, त्रास आपल्याला होतो. मूल डोकं उशीवर घासतंय, झोपेत खाजवतंय, गालांवर, कोपर-गुडघ्यांच्या घडीत कोरडे खरखरीत चट्टे आहेत, घरात कोणाला दमा, सर्दीची ॲलर्जी, इसब आहे, तर हे बहुधा एक्झिमा आहे. त्याची ट्रीटमेंट जवळजवळ उलटी, त्याला ओलावा टिकवायचा असतो आणि रोजचा शाम्पू त्याला त्रास देतो.

केस तुटलेत का बघा. दोन-तीन वर्षांच्या पुढच्या मुलाच्या डोक्यात एखाद्या ठिकाणी कोंडा दिसतोय आणि तिथे केस विरळ, मुळाशी तुटून काळे ठिपके दिसताहेत, तर तो डोक्यातला नायटा, म्हणजे वेगळीच बुरशी, आणि ती केसाच्या आत असते. त्याला क्रीम आणि शाम्पूने काही होत नाही, काही आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं, आणि ती पसरते, म्हणून भावंडांची डोकी बघायची, फणी, टोपी, टॉवेल वेगळे. घरात मांजर असेल तर तिच्याही अंगावर कुठे केस गेलेत का बघा. हे प्रकरण कोंडा समजून लांबवलं तर पू भरलेली सुजलेली गाठ होते आणि तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

उवा-लिखा. हसू नका, पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत हे फार होतं. लीख एका केसाला एका बाजूने चिकटलेली असते, बोटांनी ओढली तर सरकत नाही. कोंड्याचा कण सरकतो. उजेडात मिनिटभरात कळतं.

पांढरे चंदेरी जाड थर आणि कोपरांवर किंवा बेंबीपाशी तसेच चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. सगळ्या घराला रात्री खाज येतेय आणि बाळाच्या तळहात-तळपायावर पुटकुळ्या आहेत तर खरूज, लहान बाळांत ती डोक्यावरही जाते.

आणि एक दुर्मिळ गोष्ट, घाबरवायला नाही पण माहीत असावी म्हणून. खपल्या महिनोन् महिने कशालाच दाद देत नाहीत, त्यांच्यात बारीक लालसर-जांभळे रक्ताचे ठिपके दिसतात, काखा-जांघांच्या घडीत चिरतं, कान वाहतो, बाळाचं वजन वाढत नाही, असं असेल तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस नावाचा आजार तपासून घ्यावा लागतो, त्वचेचा छोटा तुकडा काढून. लाखातल्या काही बाळांना होतो, पण जे चुकतं ते "क्रेडल कॅप आहे, जाईल" म्हणूनच चुकतं.

थांबायचंच नाही असं कधी

पिवळी मधासारखी चिकट लस, घाण वास, सूज, मानेमागे दुखऱ्या गाठी, ताप, हे दिसलं की त्याच दिवशी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर खपली राहू दे बाजूला, तापासाठीच लगेच. सगळं अंग लाल होऊन सालं निघताहेत आणि सोबत जुलाब, अशक्तपणा असेल तर सरळ हॉस्पिटल.

डॉक्टरकडे जाताना

आपण नेमकं उलटं करतो, जायच्या दिवशी बाळाला तेल लावून, चोळून, चकाचक न्हाऊ घालून नेतो आणि मग डॉक्टरांना दिसायला काही उरतच नाही. दोन दिवस आधीपासून डोक्याला तेल नको, आणि खपली मुद्दाम काढू नका. नायट्याचा संशय असेल तर ते खपली आणि केस खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यावर तेल किंवा बुरशीचं क्रीम असलं की रिपोर्ट गंडतो, म्हणून घरातलं क्रीम कधी बंद करायचं ते अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा. सगळ्यात खराब होतं त्या दिवसाचे फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले मोबाइलमध्ये असू द्या. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, तेलं, मालिशवाल्या मावशींनी दिलेला लेप, सगळं एका पिशवीत घालून न्या, रागावतील म्हणून एखादी घरी लपवून ठेवू नका, बऱ्याचदा उत्तर त्या पिशवीतच निघतं.